उजव्या कौलावर गमरे बाईंचं अपील

कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या माणसाला मनुष्यजातीबद्दल फारसा आदर राहत नाही. भावाभावांच्या वाटण्या, नवराबायकोचे घटस्फोट, एकाच हापूसच्या कलमावर तिघांनी सांगितलेला हक्क, सगळं माझ्या काचेवरून जातं. कागद मी वाचत नाही असं मी सगळ्यांना सांगतो. अर्थात वाचतो. न वाचता दिवसभर त्या यंत्राशेजारी उभं राहून दाखवावं कुणीतरी.

अशा माझ्या दुकानात एका दुपारी गमरे बाई आल्या. मी काढून दिलेली पहिलीच प्रत त्यांनी उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, "दहापैकी साडेचार. डावीकडचा समास खाल्लास. परत काढ."

मी म्हटलं, "बाई, हे कोर्टाचं काम आहे. इथे मार्क देत नाहीत."

"म्हणून तर ही अवस्था," त्या म्हणाल्या, आणि माझ्या स्टुलावर बसल्या. त्या स्टुलावर त्या पुढची चार वर्षं बसल्या.

पाली रस्त्याच्या आतल्या अंगाला त्यांचं गाव. गावच्या बौद्धवाडीत घर आणि गावच्याच प्राथमिक शाळेत नोकरी. नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. उंची पाच फुटांना थोडी कमी, छत्री बारमाही, आणि आवाज असा की मधली सुट्टी संपल्याचं घंटेआधी त्यांच्यामुळेच कळत असणार. यजमान पोफळीच्या पॉवरहाउसात होते, तेही निवृत्त होऊन घरी आले होते. त्यांना मी दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा त्यांनी मला एकच वाक्य विचारलं, "ही इथे आली होती का?"

बाई तेव्हा कसले कागद घेऊन फिरत होत्या ते सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

त्यांच्या गावात शिमग्याच्या चार दिवस आधी दुपारी गुरव देवळात बसून देवाची रुपं, म्हणजे पालखीत लावायचे चांदीचे मुखवटे, चिंचेने घासत होता. मागून कोणीतरी त्याच्या डोक्यात घातलं. गुरव शुद्धीवर आला तेव्हा चिंच होती, रुपं नव्हती. आता अशा वेळी माणसं पोलिसांत जातात. गावही गेलं, पण आधी देवाकडे गेलं. रीतीप्रमाणे देवाला कौल लावला. देवाच्या पाषाणाला फुलांचे ओले कळे चिकटवायचे, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवा कळा पडला की हो, डावा पडला की नाही. डोक्याला पट्टी बांधलेल्या गुरवानेच कळे लावले. एकेक वाडी घेत, एकेक नाव घेत, दत्ताराम मांडवकर या नावाला उजवा कळा पडला.

दत्तू हा गावातलं कुठलंही अपश्रेय घ्यायला कायम मोकळा असलेला माणूस. मुंबईत एका कंपनीच्या कँटीनमध्ये होता, तिथून दारूपायी परत आला. कौल लागला तेव्हा तो स्वतः त्या गर्दीत उभा होता. नाव आलं तसं त्याने देवाला हात जोडले आणि म्हणाला, "देव बोलतो म्हंजे केलं असंल. मी पिऊन होतंव, मला कायच ठावं नाय."

मग पोलीस आले. पोलिसांना कौल चालत नाही, साक्षीदार लागतात. तर तीन साक्षीदार मिळाले. तिघंही म्हातारे, सज्जन, गावात मान असलेले. तिघांनीही कोर्टात शपथेवर सांगितलं, की दत्तूला पोतं घेऊन देवळातून निघताना आम्ही बघितलं. तिघांपैकी एकानेही बघितलं नव्हतं. पण देवाने बघितलं होतं, आणि देव काही पिंजऱ्यात येऊन उभा राहणार नाही, तेव्हा त्याच्या वतीने कोणीतरी सांगायला नको का? त्यांच्या लेखी ही खोटी साक्ष नव्हतीच. देवाचा निरोप होता. गुरवाने मात्र सरळ सांगितलं, मी बघितलं नाही, मला मागून मारलं. पण तीन विरुद्ध एक. दत्तूला दहा वर्षं लागली.

बाई हे सगळं मला सांगून थांबल्या तेव्हा मी विचारलं, "तुमची खात्री आहे त्याने केलं नाही?"

"मी त्याला चौथीपर्यंत शिकवलंय," त्या म्हणाल्या. "त्याने एकही गणित शेवटपर्यंत सोडवलेलं नाही. डोक्यात घालायचं, पोतं भरायचं, पळायचं आणि माल विकायचा. चार पायऱ्या झाल्या. दत्तू दुसऱ्या पायरीला झोपला असता."

हा दत्तू बाईंच्या वाडीतला नव्हता, नात्यागोत्यातला नव्हता. कुणबीवाडीतले लोक म्हणत, "बाई, देव आमचा, चोर आमचा, तुमाला काय पडलंय?" आणि बौद्धवाडीत त्यांचा सख्खा पुतण्या म्हणे, "देवळातल्या भानगडीत आपण कशाला, काकी? आपण देव सोडून किती वर्षं झाली!" बाईंनी दोघांनाही सारखंच उत्तर दिलं, "हजेरीपटावर नाव होतं त्याचं."

त्यांनी समिती स्थापन केली. दत्ताराम मांडवकर मुक्तता समिती. लेटरहेड माझ्याकडेच छापायला टाकलं. छापून आलं तेव्हा कळलं, की अध्यक्ष त्या, चिटणीस त्या, आणि उपाध्यक्ष म्हणून माझं नाव. मी म्हटलं, "मला विचारलंत का?" म्हणाल्या, "वर्गाचा मॉनिटर नेमताना कोणी विचारतं का?" सह्यांची मोहीमही झाली. बाई दारोदार फिरल्या. चौदा सह्या मिळाल्या. त्यांतल्या दोघांना वाटलं होतं, रस्त्याच्या डांबरीकरणासाठी आहे.

सरकारी कचेऱ्यांत त्या गेल्या की बघण्यासारखं असे. निम्म्या टेबलांमागे त्यांचेच विद्यार्थी. बाई दारात उभ्या राहून एकेकाचं पूर्ण नाव घ्यायच्या, बापाच्या नावासकट, आणि पन्नाशीची, पोटं सुटलेली माणसं खुर्चीतून अर्धी उठून "हजर" म्हणायची. एकदा एका साहेबाने, हे साहेब घाटावरचे, विचारलं, "तुम्ही कोण?" बाई म्हणाल्या, "तुमच्या शिपायाला विचारा." शिपाई तोवर बाईंसाठी खुर्ची पुसत होता.

दुपारी त्या माझ्या दुकानात डबा उघडायच्या. तांदळाची भाकरी आणि सुकट. वासाने बाररूममधले अर्धे वकील लांबून वळसा घालून जायचे. मी एकदा दबकत म्हटलं, "बाई, गिऱ्हाईक जातं." त्या म्हणाल्या, "ज्याला सुकटीचा वास सोसत नाही त्याला न्याय काय सोसणार?" याचा अर्थ मला आजही लागलेला नाही, पण तेव्हा पुढे केलेला भाकरीचा तुकडा घेतला.

अपील करायचं तर दत्तूची सही हवी. तो घाटावरच्या जेलात. सही करायला तो तयार नाही असा निरोप आला, तेव्हा उपाध्यक्षांना बरोबर घेऊन बाई निघाल्या. आंबा घाटात मला उलटी झाली; त्याबद्दल बाईंनी मला बोलून घेतलं. भेटीच्या खोलीत जाळीपलीकडे दत्तू आला. वाळलेला, केस कापलेले, दारू सुटल्यामुळे चेहऱ्यावर उलट जरा तेज आलेलं.

"बाई, कशाला इलांव येवड्या लांब," तो म्हणाला. "देवानं नाव घेतलान माजं. आता त्येच्यावर अपील करू? मला पाप लावतांव काय?"

"तू केलंस का ते सांग."

"ठावं नाय. पन देव खोटं बोलंल काय? मीच केलं असंल."

मला वाटलं बाई आता ओरडणार. त्यांनी पिशवीतून कागद काढला, जाळीला लावला आणि बोट फिरवत म्हणाल्या, "वाच. 'विरुद्ध' या शब्दापुढे काय लिहिलंय? महाराष्ट्र शासन. यात तुझ्या देवाचं नाव कुठे आहे दाखव. तुझं भांडण सरकारशी आहे. सरकार काही तुझं कुलदैवत नाही ना?"

दत्तूने कागद तीनदा वाचला. देव सापडला नाही, तेव्हा सही केली. परतीच्या गाडीत बाईंनी सही केलेला कागद घडी घालून पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "जेलमधून काढणं सोपं आहे रे. पण त्याला स्वतःलाच वाटतंय, आपण केलं. ते कोणत्या कोर्टात न्यायचं?"

सरकारने फुकट दिलेला वकील वाईट नव्हता. फक्त त्याला काही हाती लागेना. आणि मग एक दिवस बाई शाळेच्या सभावृत्ताची जुनी वही घेऊन आल्या. घामाघूम झालेल्या. "काढ, याची प्रत काढ." मी पान बघितलं. पालक सभेचं इतिवृत्त. तारीख तीच, चोरीची. वेळ दुपारी अडीच ते साडेचार. म्हणजे नेमकी तीच. विषय शाळेच्या कौलांची दुरुस्ती. उपस्थितांच्या सह्यांत तिन्ही साक्षीदारांच्या सह्या. एकाचा अंगठा.

वकील खुर्चीतून उठलाच. देवळासमोर उभे असलेले तिघंही त्या वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला शाळेत बसलेले! याहून काय हवं? मी त्या दिवशी दुकानात पेढे वाटले. प्रतीला बाईंनी साडेनऊ मार्क दिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप काढतोय तोवर बाई दारात. डोळे सुजलेले.

"ते पान परत दे," म्हणाल्या. "ती सभा झालीच नव्हती."

त्याचं असं होतं, की सभा घेतल्याचा कागद वरती पाठवावा लागे. गावात दुपारी सभेला येणार कोण? माणसं शेतात, नाहीतर मुंबईला. मग बाई घरी बसून सभा लिहीत. अनुमोदन, सूचना, आभार, सगळं. आणि नंतर घरोघर फिरून सह्या घेत. सगळ्याच शाळांत होतं असं, बाई म्हणाल्या, आणि लगेच म्हणाल्या, "सगळ्याच शाळांत होतं म्हणून न झालेली सभा झालेली होत नाही."

मी म्हटलं, "बाई, कोणाला कळणार आहे?"

"नाहीच कळणार. त्या तिघांचंही कोणाला कळलं नाही."

"एक माणूस आत सडतोय, आणि तुम्ही इतिवृत्ताचं काय घेऊन बसलात!"

बाई पान घेऊन गेल्या. वकील भडकला, केस सोडतो म्हणाला. मी महिनाभर बाईंशी नीट बोललो नाही. सुनावणी पुढे गेली, आणखी एक पावसाळा दत्तूने आत काढला. तो पावसाळा त्या पानामुळे गेला हे बाईंनाही ठाऊक होतं. त्या तेव्हा बारीक झाल्या. स्टुलावर बसून डबा उघडायच्या आणि तसाच मिटायच्या. मला अजूनही वाटतं, मी असतो तर पान कोर्टात दिलं असतं. आणि अजूनही वाटतं, की तसं केलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

पुढचं असं झालं. बाईंनी गाव गोळा केलं, देवळापुढच्या मोकळ्या जागेत. उपाध्यक्ष हजर होते. बाई स्वतः देवळात जात नसत, म्हणून शाळेतली खुर्ची आणून बाहेर बसल्या. मांडीवर सभावृत्त. त्यांनी ती सभा सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवली. "श्री. तानू गोताड यांनी कौलांच्या दुरुस्तीबाबत मौलिक सूचना केल्या." हे तानू आबा म्हणजे पहिला साक्षीदार. ते पायरीवरच बसले होते.

"आबा, केल्यात का सूचना?"

"कसल्या सूचना? मी त्या दिवशी गवताला गेलेलो."

"मग ही सही कोणाची?"

"माजीच. तुमी बोललांव, कर. म्हनून केली."

"बरोबर. मी सांगितलं म्हणून सही केलीत. देवाने सांगितलं म्हणून दत्तूला बघितलंत. मीही तसलीच, आबा. मी तर पगार घेऊन केलं." मग त्यांचा आवाज फुटला. तसा फुटलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. "पण माझ्या सभेपायी कोणी जेलात गेलं नाही हो. मी आज कबूल करते, सगळ्या सभा खोट्या. आता तुम्ही सांगा."

मग तानू आबा म्हणाले, "आमी नाय बगितलं, बाई. पन देवानं सांगितलान ना? त्येचा शबूद मोडायचा कसा?"

"मग त्यालाच विचारा, मोडू का म्हणून."

आयुष्यभर मुलांना कौल, नवस, अंगात येणं याच्याविरुद्ध धडे दिलेली बाई हे बोलली. गुरवाने कळे लावले. गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, तुज्या कौलाच्या उलट ही तुजी लेकरा बोलू मागतायत..." तासभर काहीच पडलं नाही. ऊन चढलं. मग टप्पदिशी डावा कळा पडला. माणसं उठायला लागली.

"ओ गुरव!" बाई खुर्चीतूनच ओरडल्या. "हा काय प्रश्न झाला? असं विचारलं तर तुमचा देव काय, मीसुद्धा नाही म्हणेन. सरळ विचारा. डोळ्यांनी बघितलं तेवढंच कोर्टात सांगायचं का? हो की नाही?"

कोणीतरी म्हणालं, "बाई, तुमी कुटं देव मानतांव!"

"मी नाही मानत. पण तोंडी परीक्षेला बसवलाय ना त्याला? मग प्रश्न तरी नीट घाला!"

गुरवाने पुन्हा कळे लावले, नीट प्रश्न घातला. गाऱ्हाणं संपायच्या आत उजवा पडला. नंतर मी गुरवाला बाजूला घेऊन खोदून विचारलं. तो म्हणाला, "कळा किती ओला करायचा ता माज्या हातात. कदी पडायचा ता देवाच्या." यापेक्षा जास्त त्याने मला काही सांगितलं नाही.

तिघांनी अर्ज दिले. आम्ही बघितलं नव्हतं, साक्ष पुन्हा घ्या. वकिलाने त्यांना स्वच्छ सांगितलं होतं, की खोटी साक्ष दिल्याबद्दल तुम्हीच आत जाऊ शकता. हायकोर्टाने पुन्हा साक्ष घ्यायला सांगितली, तेव्हा ते तिघं सकाळी सकाळी माझ्या दुकानासमोर उतरले. प्रत्येकाच्या हातात पिशवी. मी विचारलं, काय आहे? तानू आबांनी उघडून दाखवलं. दोन लेंगे, टॉवेल, रक्तदाबाच्या गोळ्या आणि चार भाकऱ्या. "तितूनच नेला तर," ते म्हणाले, "घरी कोन जातो परत." मी त्या दिवसापासून मनुष्यजातीबद्दल जरा जपून बोलतो.

त्यांना कोणी नेलं नाही. झापलं भरपूर. पुढे नोटिसाही आल्या, त्याचं अजून चालू आहे. त्यांची उत्तरं बाईच लिहिणार होत्या. पण दत्तू सुटल्यानंतरच्या पावसाळ्यात त्या गेल्या, झोपेतच. मला कळलं तेव्हा आठवडा उलटून गेला होता. आता उत्तरं मी टाईप करतो, उपाध्यक्ष म्हणून. रुपं आजतागायत सापडलेली नाहीत. गावाने नवी केली.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते दत्तू सुटून आला त्या दिवशी. जेलमधून त्याला घेऊन त्या थेट माझ्याकडे आल्या. निकालाच्या साठ प्रती हव्या होत्या, गावात घरटी एक. दत्तू बाहेरच उभा. बस म्हटलं तरी बसेना. सहा वर्षं झाली होती. पिशवी छातीशी धरून तो रस्त्याकडे बघत होता. यंत्र चालू होतं, आणि बाई निकालातली शेवटची ओळ त्याला मराठीत सांगत होत्या. शिक्षा रद्द, निर्दोष मुक्तता.

तो ऐकून घेतल्यावर म्हणाला, "त्या कोर्टाचं झालं, बाई. पन खराखुरा सांगा. मी केलं नाय ना?"

इथे कोणीही शहाण्या माणसाने 'नाही रे बाबा' म्हटलं असतं. मी तर तोंड उघडलंही होतं. बाईंनी चष्मा काढला.

"मला ठाऊक नाही, दत्तू," त्या म्हणाल्या. "मला वाटतं, तू केलं नाहीस. पहिल्या दिवसापासून वाटतं. पण मी तिथे नव्हते. बघितलेलं कोणीच नाही, एवढंच ठाऊक आहे. तेवढ्यावर माणसाला कोंडून ठेवायचं नसतं."

मला इतका राग आला. चार वर्षं धडपडायचं, आणि शेवटच्या घटकेला एक शब्द तोंडातून निघू नये! दत्तू त्यांच्याकडे बघतच राहिला.

"देवाला ठावं," तो म्हणाला. "पोलिसांना ठावं, जजसायबाला ठावं, त्या तिगांना ठावं. माजी बायको म्हायेराला गेली, तिला पन ठावं. सा वरसांत 'ठावं नाय' बोलनारं तुमीच पयलं मानूस, बाई."

आणि तो बाईंच्या स्टुलावर बसला आणि रडायला लागला. लहान पोरासारखा, आवाज काढून. बाईंनी त्याला गप्प केलं नाही. त्या शेजारी झेरॉक्सच्या कागदांच्या गठ्ठ्यावर बसल्या. पालीची गाडी लागली, गेली, पुढचीही गेली. माझेही डोळे वाहत होते आणि साठातल्या चाळीसच प्रती झाल्या होत्या. दोन वकील कागद घेऊन दुकानात शिरायला लागले. त्यांना मी दारातच अडवून सांगितलं, वीज गेली आहे. पंखा डोक्यावर गरगर फिरत होता.